उत्पादकांचा खुलेपणा : किर्लोस्करवाडीचा नांगर ते स्मार्टफोनचे कर्नेल

प्रस्तावना :
विकत घेतलेल्या यंत्रावर ग्राहकाचा नेमका किती अधिकार असतो, हा प्रश्न स्मार्टफोनमुळे तीव्र झाला असला तरी तो नवा नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या औद्योगिक इतिहासाशीही त्याचा संबंध जोडता येतो. प्रस्तुत लेखात लोखंडी नांगर आणि स्मार्टफोनचे कर्नेल यांच्या आधारे उत्पादकांच्या खुलेपणाचा मागोवा घेतला आहे.

किर्लोस्करवाडीचा वारसा :
लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडामुळे जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा व कर्ज दिल्यावर कुंडल रोड येथील माळरानावर कारखाना उभा राहिला. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. १९२० मध्ये सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर' या नियतकालिकाचा आरंभीचा हेतू कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हा होता.

नांगराचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो. झिजलेला फाळ काढून दुसरा बसविता येतो. त्यामुळे असे यंत्र समजून घेण्यासाठी उत्पादकाच्या परवानगीची गरज नसते. लोखंडी यंत्राचा खुलेपणा त्याच्या घडणीतच असतो. संगणकीय यंत्राचे तसे नाही. त्याचे अंतरंग सोर्स कोडमध्ये, म्हणजे मूळ आज्ञावलीत असते आणि ती उत्पादकाने दिली तरच वाचता येते.

परवाना आणि त्याची मर्यादा :
कर्नेल हा कार्यप्रणालीचा गाभा होय. प्रोसेसर, स्मृती, बॅटरी व कॅमेरा यांचे नियंत्रण त्याच्याकडे असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नेल जाहीर केले व १९९२ मध्ये ते जीपीएल या परवान्याखाली आणले. या परवान्यानुसार कर्नेलसह वस्तू विकणाऱ्याने ग्राहकाला सोर्स कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. ही अट न्यायालयात टिकते, हे २००४ मध्ये जर्मनीतील म्युनिक न्यायालयाच्या निर्णयाने दिसून आले.

२००८ मध्ये अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच असल्याने ही अट फोन उत्पादकांनाही लागू झाली. उपलब्ध सोर्स कोड घेऊन, फोनच्या प्रोसेसरसाठी तो संकलित करून स्वतःचे कर्नेल बांधणे शक्य झाले. बॅटरी अधिक टिकावी, प्रोसेसरचा वेग नियंत्रित करता यावा, सुरक्षेतील त्रुटी दूर व्हाव्यात, हे त्यामागील हेतू होते. २००९ मध्ये सुरू झालेला सायनोजेनमॉड हा प्रकल्प याच प्रवाहातील होय. तो २०१६ मध्ये बंद पडल्यावर लिनिएजओएसने त्याची परंपरा पुढे चालविली.

मात्र परवान्याने दिलेला हक्क व्यवहारात तीन ठिकाणी अडतो. एक, सोर्स कोड उशिरा वा अपुरा दिला जातो. दोन, कॅमेरा, मोडेम इत्यादींच्या आज्ञावलीचे काही भाग बंदच राहतात. तीन, बूटलोडरला कुलूप असल्यास बांधलेले कर्नेल फोनमध्ये बसवताच येत नाही. या तिसऱ्या अडचणीवर २००७ च्या जीपीएल आवृत्ती ३ मध्ये तोडगा होता. पण लिनक्स कर्नेल आवृत्ती २ वरच राहिले. म्हणून कुलूप उघडणे उत्पादकाच्या इच्छेवर अवलंबून राहिले. २०११ मध्ये ग्राहकांच्या मागणीनंतर एचटीसीने बूटलोडर बंद न ठेवण्याचे जाहीर केले. संघटित ग्राहक उत्पादकाचे धोरण बदलू शकतो, याचे हे उदाहरण होय. कुलपाचीही एक बाजू आहे : चोरीला गेलेल्या फोनमधील माहिती त्यामुळे सुरक्षित राहते. परंतु कुलपाची किल्ली मालकाकडे असावी की विक्रेत्याकडे, हा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही.

पुढे गूगलने अँड्रॉइड १२ पासून, ५.१० वा त्यानंतरच्या कर्नेलसह येणाऱ्या नव्या फोनांसाठी सामायिक कर्नेल बंधनकारक केले. त्यामुळे गाभा एकसारखा झाला. कंपन्यांचे खास भाग स्वतंत्र मॉड्यूलमध्ये गेले. तथापि त्या मॉड्यूलचा आणि कुलपाचा प्रश्न कायम राहिला.

शैक्षणिक संदर्भ :
सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स यूजर्स ग्रुप आहे. अशा मंडळांना जुना फोन ही स्वस्त प्रयोगशाळा ठरू शकते. कंपनीचे अद्ययावतीकरण थांबले की सुस्थितीतील फोनही असुरक्षित बनतो. त्याचा भार नवा फोन सहज घेऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यावर अधिक पडतो. महाविद्यालयांनी उपकरणे खरेदी करताना सोर्स कोडची उपलब्धता, अद्ययावतीकरणाची मुदत व बूटलोडरचे धोरण यांची लेखी विचारणा करणे म्हणूनच इष्ट ठरेल.

निष्कर्ष :
नांगराच्या बाबतीत शेतकऱ्याचा अविश्वास हा अडसर होता; तो वस्तू पाहून व वापरून दूर झाला. स्मार्टफोनच्या बाबतीत ग्राहकाचा विश्वास आधीच मिळालेला आहे, पण वस्तू पाहण्याची सोय मात्र उरलेली नाही. परवाना हा खुलेपणाचा आवश्यक पाया असला तरी तो पुरेसा नाही. सोर्स कोड वाचण्याचा हक्क आणि तो बदलून आपल्याच यंत्रात बसविण्याचा हक्क, हे दोन्ही मिळाल्यावरच ग्राहक खऱ्या अर्थाने मालक ठरतो.