मेणबत्तीच्या स्टँडवरची चांदी

दर पौर्णिमेला विहारात तथागतांच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे आपण मेणबत्ती लावतो. ती ज्यावर उभी असते त्या स्टँडकडे कोण बघतो? म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही विलायतेतल्या जुन्या, चांदीच्या मुलाम्याच्या स्टँडची हकीकत देत आहोत. खरे तर ती कारागिरांचीच हकीकत आहे.

इंग्लंडमधले शेफील्ड म्हणजे चाकू-सुऱ्यांचे गाव. तेथे 1743 च्या सुमारास थॉमस बोल्सोव्हर नावाचा कारागीर सुरीची मूठ दुरुस्त करीत होता, असे सांगतात. आच जास्त लागली आणि चांदी तांब्याला चिकटली, ती काही सुटेना. ठोकून पाहिले तर दोन्ही धातू एकजीव होऊन पसरू लागले! त्याने त्याची बटणे केली. मेणबत्तीच्या स्टँडसारख्या मोठ्या वस्तू पुढे जोसेफ हॅनकॉकने केल्या.

कृती अशी. तांब्याची लगड स्वच्छ घासायची, वर चांदीचा पत्रा ठेवून तारेने आवळायची, कडेला टाकणखार लावून भट्टीत घालायची. एक जण डोळ्यांत तेल घालून बघत असे. कडेला चांदी पाझरू लागली की लगड लगेच बाहेर. उशीर झाला तर चांदी तांब्यात विरघळून माल वाया. मग ती रुळांखाली लाटून पत्रा करीत. खांब, बैठक असे तुकडे पोलादी ठशांवर ठोकून डाख देऊन जोडीत. पत्रा पातळ, म्हणून पोटात राळ भरून वजन आणीत. शेवटी घोटून चकाकी आणायची, हे काम बहुधा बायकांकडे. कारखानदारांची नावे पुस्तकांत सापडतात, या बायकांची नाहीत.

निव्वळ चांदी श्रीमंतांनाच परवडे. हा माल मध्यम घरांतही गेला. पण 1840 साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा देण्याचे पेटंट घेतले. आधी वस्तू घडवायची, मग द्रावणात बुडवून चांदी चढवायची. काम स्वस्त आणि झटपट. थोड्याच वर्षांत जुन्या भट्ट्या थंडावल्या. 1982 च्या संपानंतर ज्यांनी गिरण्या बंद पडताना पाहिल्या, त्यांना हे जास्त सांगायला नको.

जुन्या भट्टीच्या मालात बारकाईने पाहिल्यास सांधा दिसतो. विजेच्या मुलाम्यात तो झाकला जातो. असे स्टँड कुणाकडे असेल तर मेण सुरीने खरवडू नये, चांदी निघून जाते. उकळत्या पाण्यातही घालू नये, आतली राळ वितळते. मेण गार होऊ द्यावे आणि बोटाने अलगद उचलावे.