हेझल स्कॉटच्या अटी

ऑफर लेटर हातात आलं की आपण पगाराचा आकडा बघतो, नोटीस पिरियड बघतो आणि बाकीच्या पानांवर मुकाट सह्या ठोकतो. हेझल स्कॉटचं तसं नव्हतं.

ही कोण? तर १९२० साली त्रिनिदादमध्ये जन्मलेली आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेली कृष्णवर्णीय पियानोवादक-गायिका. आठव्या वर्षी ती ज्युलियार्ड या नामांकित संगीतशाळेत ऑडिशनला गेली. प्रवेशासाठी वय फारच कमी. पण तिथल्या एका प्राध्यापकांनी तिला स्वतंत्रपणे शिकवायला घेतलं. १९३९ पासून ती न्यूयॉर्कच्या ‘कॅफे सोसायटी’त वाजवू लागली. गोरे-काळे श्रोते एकत्र बसायचे, असा तिथला त्या काळातला दुर्मीळ क्लब. बाख अगदी पुस्तकातल्यासारखा सुरू करायचा आणि बघता बघता डाव्या हाताने बूगी-वूगीचा ठेका धरायचा, ही तिची खासियत. बूगी-वूगी म्हणजे ब्लूजच्याच घरातला पियानोचा प्रकार: डावा हात आगगाडीसारखा धावतो आणि उजवा वर मजेत खेळतो.

मग हॉलिवूडने बोलावलं. तेव्हा कृष्णवर्णीय नटीच्या वाट्याला बहुतेक मोलकरणीच्या भूमिका यायच्या. हेझलने त्या साफ नाकारल्या. पडद्यावर ती यायची ती हेझल स्कॉट म्हणूनच, पियानोवर. १९४३च्या ‘द हीट्स ऑन’मध्ये युद्धावर निघालेल्या नवऱ्यांना निरोप देणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांना मळके एप्रन घालायला दिले. हेझल अडून बसली. तीन दिवस शूटिंग ठप्प! एप्रन गेले, पण हॉलिवूडची दारंही लवकरच बंद झाली.

कार्यक्रमांसाठीही तिची अट होती: श्रोत्यांना वंशानुसार वेगळं बसवलं तर वाजवणार नाही. १९४८ साली टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये तसंच दिसलं, आणि बाईसाहेब न वाजवता परतल्या.

जुलै १९५०मध्ये ड्यूमाँट नेटवर्कवर ‘द हेझल स्कॉट शो’ सुरू झाला. अमेरिकन नेटवर्कवर स्वतःचा शो असलेल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ती एक. पण त्याआधीच जूनमध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची पुस्तिका निघाली होती: कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय असलेल्या कलाकारांची यादी. त्यात तिचं नाव! ती स्वतःहून संसदेच्या चौकशी समितीपुढे गेली, आरोप नाकारले आणि अशा याद्यांवरच टीका केली. तारीख २२ सप्टेंबर. आठवड्याभरात शो बंद.

एप्रनसाठी भांडता येतं, कारण समोर माणूस असतो. ऑस्टिनमधून परत फिरता येतं, कारण अट लेखी असते. यादीशी काय भांडणार? कुणी ‘तुला काढलं’ म्हणतच नाही. फक्त कामं यायची थांबतात. १९५७ साली ती पॅरिसला गेली आणि १९६७ साली परतली. तोवर अमेरिका वेगळंच संगीत ऐकत होती. १९८१ साली ती गेली. तिच्या शोचं एकही रेकॉर्डिंग उपलब्ध नाही.

असो. १९५५चा ‘रिलॅक्स्ड पियानो मूड्स’ मात्र आहे. बासवर चार्ल्स मिंगस, ड्रम्सवर मॅक्स रोच. या वीकेंडला ऐकाच. आणि पुढचं ऑफर लेटर जरा शेवटच्या पानापर्यंत वाचा!