रक्तातील विळा आणि कागदावरील रकाना

शिकागो येथील एका रुग्णालयात १९०४ सालच्या डिसेंबरात वीस वर्षांचा एक तरुण दाखल झाला. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकण्यासाठी आला होता. त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरास गोल तांबड्या पेशींत काही लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी आढळल्या. त्यांचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि निदानाचा प्रश्न प्रामाणिकपणे मोकळा ठेवला. तो तरुण पदवी घेऊन मायदेशी परतला व १९१६ मध्ये, ऐन बत्तिशीत, वारला.

पुढे १९२२ मध्ये डॉ. मेसन यांनी या रोगास ‘सिकलसेल अ‍ॅनिमिया’ हे नाव दिले. तोवर नोंदलेले चारही रोगी कृष्णवर्णीय होते, हेही त्यांनी नमूद केले. चार माणसांवरून केलेली ही नोंद हळूहळू रोगाची व्याख्याच होऊन बसली. १९२९ मध्ये एका ग्रीक कुटुंबात हाच रोग आढळल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु गोऱ्या कातडीच्या रोग्यात विळा दिसला की त्याच्या पूर्वजांत कोणी आफ्रिकी असलाच पाहिजे, असे पुष्कळ डॉक्टर म्हणू लागले. सिद्धान्तास बाधक पुरावा मिळाला तर सिद्धान्त बदलावा, ही शास्त्राची रीत. येथे रोग्याचे कुळ बदलण्यात आले!

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी त्याचा मलेरियाशी असलेला संबंध उलगडला. आई-बापांपैकी एकाकडूनच हा गुण आला तर मूल सहसा निरोगी राहते आणि घातक मलेरियापासून त्याचे बरेच रक्षण होते. दोघांकडूनही आला तर रोग होतो. म्हणजे विळ्याचा नकाशा कातडीच्या रंगाचा नसून पिढ्यान्‌पिढ्या डास चावत आलेल्या दलदलींचा होय. ग्रीसमधील पूर्वीच्या कोपाइस सरोवराकाठच्या ऑर्कोमेनोस गावी हा गुण विपुल आढळतो, तर दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय खोसा लोकांत तो जवळजवळ नाहीच. फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी १९६२ मध्ये, मानवी वंश अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे प्रतिपादन केले, तेव्हा त्यांच्या विचारामागे या रोगाचा अभ्यास होता.

हिंदुस्थानात १९५२ मध्ये लेहमन व कटबुश यांना निलगिरीच्या डोंगरी जमातींत हा गुण सापडला. परंतु त्याची उपपत्ती लावताना तेही ‘वेड्डॉइड’ नामक एका प्राचीन वंशाच्या शोधात गुंतले. १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या पाहण्यांत गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या जमातींबरोबर विदर्भातील महार समाजात आणि काही इतर मागास समाजांतही तो आढळत गेला. जंगलातील डासांनी जातीची चौकशी केली नव्हती. ती नंतर माणसांनी केली.

रकाना चुकला म्हणजे काय होते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून कळते. १९७० नंतर तेथील काही राज्यांनी केवळ कृष्णवर्णीयांस ही तपासणी सक्तीची केली. केवळ वाहक असलेल्या निरोगी तरुणांस हवाईदलाच्या अकादमीचे दार १९८१ पर्यंत बंद होते. त्याहून गंभीर प्रश्न तान्ह्या मुलांचा होता. १९८६ मध्ये एका प्रयोगात दिसून आले की रोगी बालकांस लहानपणापासून रोज पेनिसिलिन दिल्यास त्यांस होणारा घातक जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो. पण औषध द्यावयाचे तर रोग आधी कळावयास हवा. ज्या प्रसूतिगृहांत नर्स मातेकडे पाहून वंशाचा रकाना भरी आणि त्यावरून कोणाचे रक्त घ्यावयाचे ते ठरे, तेथे काही मुले गळून जात. मातेचा वर्ण पाहून पित्याकडील वारसा कसा कळावा? म्हणून १९८७ मध्ये तज्ज्ञांच्या परिषदेने वंश न पाहता प्रत्येक नवजात बालकाची तपासणी करण्याची शिफारस केली. ती सर्व राज्यांत अमलात येण्यास २००६ साल उजाडले.

याचा अर्थ समाजाची नोंद सर्वथा निरुपयोगी, असा नव्हे. खर्च मर्यादित असता तपासणीचा आरंभ कोठून करावा, हे ती सांगते. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेतही ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचा आरंभ आदिवासी भागांतूनच ठरविण्यात आला, आणि ते योग्यच झाले. अडचण येते ती शहरात. गडचिरोली वा नंदुरबारहून पोटासाठी इंदूर-बडोद्यास गेलेल्या मजुराचे मूल सांधेदुखीने रडत दवाखान्यात येते, तेव्हा त्याच्या आडनावावरून डॉक्टरास काही सुचत नाही, आणि संधिवाताचे औषध घेऊन ते घरी परतते. उलट गावाकडे, तपासणीनंतर मिळालेले कार्ड मुलीचे लग्न अडेल या धास्तीने पेटीच्या तळाशी जाते. दोन्ही वाहकांनी विवाहापूर्वी एकमेकांची कार्डे पाहावीत, एवढ्यासाठीच तर ती दिलेली असतात.