नेटमध्ये भारी, पण स्कोअरबुकात कुठाय?

गावच्या क्रिकेट टीमची निवड होताना कधी बघितली आहे? आमच्या रत्नागिरीकडे भातकापणी उरकली की टेनिस बॉलच्या स्पर्धांचे वेध लागतात, आणि दरवर्षी तोच वाद रंगतो. एक पोरगा तुफान बॉलिंग टाकतो, पण मोठ्या मॅचचा अनुभव शून्य. दुसरा दिसायला साधाच, पण गेल्या हंगामात त्याने विकेट काढून दाखवल्यात. घ्यायचं कुणाला?

हा वाद जगभर चालतो. अमेरिकेत बेसबॉलच्या टीम बांधताना पिचरच्या बाबतीत हाच प्रश्न पडतो: हातातला वेग बघायचा की आकडे? २००८ साली भारतात एक स्पर्धा झाली. ज्याचा चेंडू सर्वात वेगात आणि अचूक जाईल तो जिंकणार. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना त्यातून पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. त्याआधी दोघं बेसबॉलची एकही मॅच खेळले नव्हते. सर्वोच्च लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत. म्हणजे ‘आकडेच बघा’ म्हणणारे बरोबर?

थांबा. माझ्या संशोधनातला माणूस या वादात बसतच नाही. पालवणकर बाळू, म्हणजेच पी. बाळू. कुटुंब मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवणचं, म्हणून आडनाव पालवणकर. चांभार जातीतलं घर, वडील लष्करात नोकरीला. बाळूंचा जन्म धारवाडचा, पण क्रिकेटशी गाठ पडली पुण्यात. आधी पारशांच्या क्लबात मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. मग १८९२च्या सुमारास युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर तेच काम. तिथे एका साहेबाने त्यांना नेटमध्ये बॉलिंग टाकायला सांगितलं, आणि पुढे तेही काम रोजचंच झालं.

आता जरा विचार करा. हा डावखुरा फिरकी बॉलर वर्षानुवर्षं इंग्रज बॅट्समनना तासन्‌तास बॉलिंग टाकतोय. त्यातला कॅप्टन ग्रेग म्हणजे तेव्हाचा भारतातला नावाजलेला बॅट्समन. बाळूंनी आउट केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी गोष्ट सांगतात. पण स्कोअरबुकात यातलं काय? काहीच नाही. नेटमधल्या विकेटची नोंद कोण ठेवतो? बॅटिंगचं तर नावच नको. क्लबात आपल्या हाती बॅट कधी दिलीच नाही, असं बाळूंनी नंतर मुलाला सांगितलं होतं.

म्हणजे कागद बघितला तर बाळू ‘कच्चा’ खेळाडू. प्रत्यक्षात त्यांच्याइतका तयार बॉलर तेव्हा पुण्यात क्वचितच असेल.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं, तेव्हा हा माणूस घ्यायचा का, यावरून सभासदांत दोन तट पडले. अडचण आकड्यांची नव्हतीच, जातीची होती. शेवटी बाळूंना घेतलं. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा.

पुढे ते मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. २३ सामन्यांत १५ पराभव, फक्त ६ विजय. या पडझडीत एकट्या बाळूंच्या ११४ विकेट, सरासरी १८.८४. आता तर वय पस्तिशीचं होतं आणि आकडेही हाताशी होते. मग वाद संपायला हवा होता ना?

नाही संपला. हिंदू संघाचं कर्णधारपद काही त्यांना मिळालं नाही. १९१३ साली ते एम. डी. पै यांच्याकडे गेलं. हा मान खरा बाळूंचा होता, असं खुद्द पै यांनीच जाहीरपणे म्हटलं. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळलं. निषेध म्हणून त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. तोवर बाळूंचा खेळायचा काळ सरला होता. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१. नावापुढे ‘कर्णधार’ नाहीच.

मला यातून दिसतं ते असं. पुरावा नव्हता तेव्हा जात आडवी आली, आणि पुरावा ढिगाने होता तेव्हाही तीच आडवी आली. ‘कच्चा गुण की सिद्ध कामगिरी’ हा प्रश्न रास्त आहेच. रिंकू आणि दिनेशच्या बाबतीत तो लागूही पडतो. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ही कामगिरी सिद्ध करायची संधी कुणाला मिळाली, आणि तिची नोंद कुणी ठेवली?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर हे रोजच जपावं लागतं. स्कोअरबुक हा उत्तम पुरावा, पण ते मैदानात उतरू दिलेल्यांचंच असतं. रोलर फिरवणाऱ्याच्या विकेट त्यात सापडत नाहीत. त्या शोधायच्या तर पगाराचा आकडा, मुलाला सांगितलेली आठवण, आठ आण्यांची गोष्ट, असं सगळं जमवावं लागतं, आणि त्यातलं काय किती धरायचं हेही ठरवावं लागतं.

तेव्हा यंदा टीम निवडताना कुणी म्हणालं, ‘त्याने आजवर काय केलंय?’, तर एवढंच विचारा: आजवर त्याला बॉल दिला होता का?