उरूस ते पाडवा

परभणीचा उरूस चंद्र पाहून भरत नाही. एरवी उरूस म्हटलं की हिजरी तारीख आली, आणि हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी तोकडं. त्यामुळे बाकीचे उरूस दरसाल मागं सरकत सरकत तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा शंभरी ओलांडलेला उरूस मात्र २ फेब्रुवारीला सुरू होतो आणि पंधरवडाभर चालतो. थंडी पुरती गेलेली नसते, ऊन्ह अजून अंगावर घ्यावंसं वाटतं, आणि जिंतूर रोडवरची वाहनं परभणीच्या दिशेनं जरा जास्तच भरून जायला लागतात.

हे असं का, याचं उत्तर आमच्या आजोबांकडं तयार होतं. "फकिरालाबी ठावं व्हतं, कुणब्याच्या हातात पैका कवा येतो ते." कापसाच्या वेचण्या आटोपलेल्या, सेलू-मानवतच्या बाजारात कापूस घालून आलेला माणूस खिसा चाचपत घरी बसलेला, आणि ज्वारीची काढणी अजून थोडी लांब. वर्षभरात कुणब्याला पैसा आणि सवड एकाच वेळी मिळते ती एवढीच. आजोबांचं हे म्हणणं इतिहासाच्या परीक्षेत टिकेल की नाही ते राहू द्या. पण आमच्या भागात माघ-फाल्गुनातले सगळेच सण असे शेताच्या वहीशी बांधलेले आहेत. पंचांगात वसंत चैत्राशिवाय येत नाही. आमच्याकडं तो हुरड्याला येतो, उरुसात फिरतो, औंढ्याला पाया पडतो, शिमग्याला बोंबलतो आणि पाडव्याला हिशेबाला बसतो.

हुरड्याचं आता शहरात तिकीट लावतात. तो खाणारांना आगटी म्हणजे काय हे दाखवायला एक माणूस उभा केलेला असतो. आमच्या वावरात ते काम आजीचं. बांधाच्या आडोशाला वीतभर खड्डा, त्यात गवऱ्या रचून पेटवायच्या, जाळ बसू द्यायचा. जाळावर कणीस धरणाऱ्या पोराला ती हमखास रट्टा द्यायची, कारण जाळानं दाणा करपतो आणि आतून कच्चा राहतो. लाल आरात, राखेच्या उबेत कणसं खुपसायची, फिरवायची, आणि दाण्यातून फुसफुस ऐकू आली की बाहेर ओढून तशीच गरम पोत्यावर चोळायची. आजीच्या तळहाताला ते चटके लागत नसत असं आम्हाला वाटायचं. चोळलेल्या हुरड्यावर फुंकर मारून भूस उडवलं की हिरवेगार, गोडसर, जरा धुराळलेले दाणे. बरोबर तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि मडक्यातलं दही. हरभऱ्याचा हावळा त्याच आगटीवर, पण नंतर. हुरड्याला जात गुळभेंडीच, कारण तिचा दाणा भुसातून चटकन सुटतो. हुरड्यासाठी खास वाण परभणीच्या कृषी विद्यापीठानंही काढलं, त्याचं नाव 'परभणी वसंत'. भाकरीसाठी 'परभणी मोती' आहेच. एका वावरात हुरड्याचे दिवस आठ-दहाच. पुढं दाणा निबर होतो आणि मग आगटीत घातलं तरी तो हुरडा नव्हे, नुसती भाजकी ज्वारी.

आजोबा उर्दूत चौथी शिकलेले होते. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूची, दफ्तर उर्दूचं आणि तारीख फसली सनाची. त्यांच्या जन्माचं साल फसलीतच नोंदलेलं, आणि ते आपल्या सालात आणायचं तर त्यात ५९० मिळवायचे हे आम्हा पोरांना पाढ्याआधी पाठ झालं होतं. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. आजोबा मात्र वर्ष मोजायचे ते उरुसांनी. कोणाचं लग्न, कोणत्या बैलाची खरेदी, कोणती विहीर कधी लागली, सगळं 'त्या उरुसाच्या आधी' किंवा 'नंतर'.

जिंतूरहून परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. संध्याकाळी गाड्या जुंपायच्या, खाली कडबा, वर घोंगडी, त्यावर बायापोरं. रात्री वाटेत एखाद्या विहिरीवर बैल सोडायचे. परभणीत शिरल्यावर आजोबा दर्ग्यात जाऊन चादरीला हात लावून येत, आणि मग ज्याचा त्याचा उरूस वेगळा. त्यांचा उरूस म्हणजे दोरखंड, घागरमाळा आणि ओळखीच्या माणसांबरोबर चहा. आजीचा उरूस म्हणजे मनियाराचं दुकान. आमचा उरूस पुढं आकाशपाळण्याचा झाला, आणि भल्यामोठ्या पराठ्याचा, जो मोडून तोलून देतात आणि वर हलव्याचा गोळा ठेवतात. मौत का कुआँच्या लाकडी फळ्या मोटरसायकल वर चढताना थरथरतात त्या पायाला जाणवतात. मला आजही त्या खेळापेक्षा त्या फळ्यांचंच भ्याव वाटतं.

आजीचा मनियार हा खरं तर आमच्याच गावचा. वर्षभर तो डोक्यावर पेटारा घेऊन दारोदार बांगड्या भरायचा आणि उरुसात ताडपत्री टाकून दुकान मांडायचा. त्याला सगळे चाचा म्हणत. "क्या बाई, ज्वारी कैसी है औंदा?" असं विचारत तो आजीचा हात दाबून दाबून मऊ करायचा आणि बांगडी न तडकता चढवायचा. आजीची समजूत अशी की उरुसात भरलेली बांगडी जास्त टिकते. गावातल्या आणि उरुसातल्या बांगड्या एकाच पेटाऱ्यातल्या, हे तिला कळत नसेल असं नाही.

दोन सालं मात्र तिनं जुन्याच बांगड्या वापरल्या. हे ती फार बोलून दाखवत नसे. एकदा धुळवडीच्या दिवशी, दुपारी सगळे निजलेले असताना, तिनं एवढंच सांगितलं, "रझाकाराच्या साली आपण गेलो न्हाई, आन् फुडच्या साली ते आले न्हाईत." म्हणजे १९४८ चा फेब्रुवारी आणि १९४९ चा. मधे सप्टेंबरातली पोलीस कारवाई. १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदन करतो, मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांची नावं घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण कारवाईनंतर मराठवाड्यातल्या मुसलमान वस्त्यांवर काय ओढवलं ते पाहायला नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं कपाटात राहिला. आजीला अहवाल माहीत नव्हता. तिला दोन सालांच्या बांगड्या माहीत होत्या. तिसऱ्या साली चाचा पेटारा घेऊन दारात आला, तेव्हा तिनं आधी पाणी दिलं आणि मग हात पुढं केला, असं आत्याबाई सांगतात. आजीनं हे कधी सांगितलं नाही.

उरूस उठतो न उठतो तोच शिवरात्र येते. तोवर ज्वारी उपटायला आलेली. बाया सकाळी रताळी खाऊन वावरात जात आणि उपाशी अंगानं दिवसभर ताटं उपटत. कवठाची चटणी रात्रीला. पुरुष औंढ्याला जात. औंढा नागनाथ आम्हाला परभणीपेक्षा जवळ, आणि तेव्हा तो आमच्याच जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि नागनाथ तिकडं गेला. आजोबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "देव हाय तिथंच हाय. कागूद गेला." नरसीही तिकडंच गेली, गोदाकाठचं गंगाखेड मात्र इकडं राहिलं. नामदेव हिंगोलीला आणि जनाबाई परभणीला, अशी फारकत फक्त महसूल खात्यालाच जमली असती.

औंढ्याची गोष्ट आजोबांनी किती वेळा सांगितली याला मोजदाद नाही. नामदेवाला कच्चं मडकं ठरवलं, तो रुसला, मग गुरू शोधत औंढ्याला आला तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय उचलून दुसरीकडं ठेवावेत तर तिथंही पिंड. दुसरी गोष्ट देऊळ फिरल्याची: कीर्तनाला बसलेल्या नामदेवाला पुजाऱ्यांनी मागं जायला लावलं आणि देवळानंच तोंड फिरवलं. "मंग नंदी मागं का ऱ्हायला? त्याला सांगायचं राहूनच गेलं," हे आजोबांचं पदरचं. गाभारा तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांवरून खाली उतरायचं, छत इतकं ठेंगणं की ताठ उभं राहता येत नाही, आणि दमट उष्म्यात, बेलपानांच्या वासात, दहा माणसं गुडघ्यावर. आमच्या गावचा पाटीलही तिथं वाकलेला पाहायला मिळायचा, त्याचं आम्हा पोरांना देवापेक्षा अप्रूप.

दुष्काळाचं साल आलं की ही सगळी माळ तुटायची. १९७२ ला मे महिन्यात परभणीत कृषी विद्यापीठ झालं आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. त्या साली हुरडा नव्हता, कारण कणीसच नव्हतं. आजी खडी फोडायला गेली. पोरांना सुकडी, घरात रेशनची लाल मिलो. तिची भाकरी थापताना मोडायची आणि आजी अमेरिकेला शिव्या द्यायची. होळीला पुरण नव्हतं, गवऱ्याही नव्हत्या, कारण जनावरं छावणीला. पोरांनी बोंब तेवढी मारली. त्याला काही लागत नाही.

चांगल्या साली शिमग्याआधी खळी झालेली असत. जिंतूरच्या डोंगरात तेव्हा पळस फुललेला, पानं झडलेली, नुसता केशरी. रंगपंचमीचा रंग त्याच फुलांचा, रात्रभर भिजत घातलेला. आमच्या गावाची होळी रात्री पेटे, आणि पलीकडच्या तांड्याची पहाटे. अंधारात डफाचा आवाज आणि बंजारा बायांची लेंगी ऐकू आली की आजोबा अंथरुणातूनच म्हणायचे, "उठा, तांडा जागा झाला." मागच्या होळीनंतर ज्या घरात मूल झालं त्या घरी तांड्यावर धुंड असे, आणि आमच्याकडच्या पोरांना तिथं गूळखोबरं मिळे. आमच्या घरी पोरांच्या गळ्यात साखरेची गाठी पडे. जिंतूरच्या बाजारात ती करताना पाहायला मी हटून बसायचो. कढईत पाक उकळताना हलवाई त्यात जरासं दूध मारायचा. मळी फेसाबरोबर वर यायची, ती झाऱ्यानं काढायची. मग लाकडी साच्याच्या खाचांतून दोरा ताणून पाक ओतायचा. पाक थंड व्हायच्या आत दुसरा साचा भरून झालेला. साचा उघडला की पांढरीशुभ्र पदकं दोऱ्यावर ओवलेलीच निघत. पाडव्यापर्यंत गाठी गळ्यात राहिली असं एकही पोर मला आठवत नाही.

आणि पाडवा. गुढी, कडुलिंब, पंचांग हे सगळीकडं असतं. आमच्या भागात पाडवा हा सालगड्याचा. गड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पुढच्या पाडव्याला फिटतं. ओट्यावर बोली बसे: इतकी ज्वारी, इतके रुपये, एक धोतरजोडी, वहाणा, पावसाळ्याला घोंगडी. उचल घेतलेली असली तर ती आधी वजा. उचल फिटली नाही की गडी पुढच्या सालालाही त्याच दावणीला, हे आजोबांच्या गोष्टींत कधी यायचं नाही. त्यांच्या गोष्टींत गडी घरच्यासारखा असे.

आमच्याकडं पुष्कळ सालं काढलेले एक म्हातारबाबा अजून आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या ओसरीवर बसून विचारलं, बाबा, तुमचा सण कोणता? मला वाटलं, पोळा म्हणतील.

"आमुशाची रात," ते म्हणाले.

पाडव्याच्या आदल्या दिवशीची फाल्गुनी अमावास्या. त्या संध्याकाळी साल संपे, आणि सकाळी ओट्यावर बोली होईपर्यंत ते कुणाचेच गडी नसत. बैलांना वैरण टाकायची ती मालकानं. त्या रात्री ते काय करत? "काय न्हाई. निजायचो. कुणी हाक मारली तरी उठायचो न्हाई." मग जरा थांबून, "तुमच्या आज्यानं एक साल बोलीत उरूस धरला व्हता मला, दोन दिस. फुडच्या साली धरला न्हाई. म्हनला, जवारी लवकर आली औंदा." मी आजोबांच्या बाजूनं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्वारी त्या साली खरंच लवकर आली असेलही.

आता सालाची बोली लाखाच्या पुढं गेली आहे आणि तरी गडी मिळत नाही. पोरं पुण्याला, चाकणला. जे राहिलेत ते उक्तं काम घेतात, सालात अडकत नाहीत. परवाच्या पाडव्याला चुलतभावाच्या ओट्यावर मी बसलो होतो. समोरचा तरणाबांड गडी मोबाइलमध्ये बघत एकेक अट सांगत होता. आठवडी बाजाराची सुट्टी, कबूल. गाडीचं पेट्रोल, कबूल. मग तो म्हणाला, रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला येणार नाही, इचूकाट्याचं भ्याव आहे. तिथं गाडं अडलं, कारण मोटारीला लाइट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीचीच असते आणि हरभऱ्या-गव्हाला पाणी दिवस-रात्र पाहत नाही. तासभर घासाघीस झाली. शेवटी दिवसा गडी आणि रात्री चुलतभाऊ अशी वाटणी ठरली, आणि ती वहिनीला जाऊन सांगायचं काम माझ्याकडं आलं.