संग्राम आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद

सांगली जिल्ह्यात एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणारी संस्था आणि तिच्यातून उभी राहिलेली वेश्याव्यवसायातील स्त्रियांची संघटना. ‘संग्राम’ म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था. संस्थापक मीना सरस्वती सेषू, काम सुरू १९९२ पासून. वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ मध्ये स्थापन झाली. ती ‘वॅम्प’ या नावाने ओळखली जाते. सांगली-मिरजेबरोबर शेजारचे जिल्हे आणि कर्नाटकातील निपाणी हे कार्यक्षेत्र.

भारतात एचआयव्ही प्रथम १९८६ मध्ये आढळला, तो तेव्हाच्या मद्रासमधील वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत. तेव्हापासून या स्त्रियांकडे साथीचे उगमस्थान म्हणून पाहिले गेले. लागण त्यांना कोणाकडून होते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. सांगलीच्या गोकुळनगरसारख्या वस्त्यांत सीमाभागातल्या अनेक स्त्रिया देवदासी प्रथेतून आलेल्या. सरकारी दवाखान्यात त्यांना ताटकळत ठेवणे, नाव-गाव सर्वांसमोर विचारणे हे नेहमीचेच.

संग्रामने निरोध वाटण्याचे काम वस्तीतल्याच बायांकडे सोपवले. गिऱ्हाइकांची वर्दळ कधी असते, नवी मुलगी कोणाच्या घरात आली आहे, कोण आजारपण लपवते आहे, हे बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याला कळत नाही. पण खरी अडचण माहितीची नव्हतीच. एकट्या बाईने निरोधाचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. तीच अट साऱ्या गल्लीने घातली तर त्याला जायला जागा उरत नाही. प्रतिबंधाचे काम संघटनेच्या कामात मिसळून गेले ते यामुळे. ‘मालक’ म्हणजे कायमचा जोडीदार. त्याच्या बाबतीत मात्र हा उपाय लागू पडत नाही. त्याच्यापुढे निरोधाचा विषय काढणे म्हणजे विश्वासावरच शंका घेणे ठरते, आणि घरातली ही जोखीम आकड्यांत सहज दिसत नाही. घरवाली (कुंटणखाना चालवणारी बाई), मालक, गुंड यांच्याशी होणारे वाद सोडवण्यासाठी वॅम्पची तंटामुक्ती समिती आहे.

एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी मोफत एआरटी औषधे सरकारने १ एप्रिल २००४ पासून सुरू केली, तीही आरंभी मोजक्याच रुग्णालयांत. महाराष्ट्रात मुंबईचे जे. जे. त्यांपैकी एक. सांगलीच्या बाईला मुंबईची खेप म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेला धंदा. पुढे केंद्रे वाढली. २०१७ पासून सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या कितीही असली तरी एचआयव्हीबाधित व्यक्तीला उपचार देण्याचे धोरण आले. आता कसोटी गोळ्या मिळण्यापेक्षा त्या रोज घेत राहण्याची आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी ‘वॅम्प प्लस’, पुरुष आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी ‘मुस्कान’, तर मुलांसाठी निपाणीचे ‘मित्र’ वसतिगृह ही याच कामाची अंगे.

वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी हमी देणाऱ्या संस्थांनाच एड्सविषयक निधी द्यायचा, अशी अट अमेरिकेने २००३ च्या कायद्यात घातली. संग्रामने ती नाकारली आणि २००५ मध्ये त्या निधीवर पाणी सोडले. ज्या स्त्रियांच्या जोरावर काम चालते त्यांच्याविरुद्ध सही करायची, हा व्यवहार संस्थेला मान्य नव्हता. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते तो आरोग्याच्या हिशेबानेही तोट्याचाच होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट २०१३ मध्ये अमेरिकी संस्थांपुरती रद्द केली. परदेशी संस्थांना ती सवलत नसल्याचे २०२० मध्ये स्पष्ट झाले.

कायद्याची अडचण देशातही आहेच. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यानुसार प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने केलेला व्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही. मात्र कुंटणखाना चालवणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे आणि तिच्या कमाईवर जगणे हे गुन्हे आहेत. शेवटच्या कलमाच्या कक्षेत अठरा वर्षे पूर्ण झालेला तिचा मुलगाही येऊ शकतो. छापा पडला की वस्ती पांगते, औषधोपचार तुटतो, निरोध पुरावा म्हणून जप्त होण्याची भीती बसते. बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना छाप्यात अटक करू नये, निरोध गुन्ह्याचा पुरावा मानू नये आणि निवासाच्या पुराव्याचा हट्ट न धरता त्यांना आधार कार्ड द्यावे, असे निर्देश दिले. १९५६ च्या कायद्यातील कलमे मात्र तशीच आहेत.