विज्ञानपटांचे घरगुती राखणदार

चित्रपटगृहातून एकदा उतरलेला चित्रपट पुन्हा केव्हा पाहायला मिळेल, हे कोणालाच सांगता येत नसे, असा काळ फार जुना नाही. दूरचित्रवाणीवरील मालिकेचा चुकलेला भाग तर बहुधा कायमचाच चुकलेला असे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर घराघरांत शिरू लागला आणि ही स्थिती पालटली. या यंत्राचा उपयोग अनेकांनी केला. परंतु त्याचा ध्यास घेतला तो विज्ञानपटांच्या चाहत्यांनी. आवडता कार्यक्रम मुद्रित करणे, कॅसेटवर तारीख आणि भागाचे नाव लिहून ती कपाटात लावणे, एखादे दृश्य थांबवून पुन:पुन्हा पाहणे हा त्यांचा रोजचा छंद होता. या साध्या छंदातून जे साधले गेले, ते काही वेळा मोठ्या संस्थांनाही साधले नव्हते. हरवलेल्या कलाकृतींचे अवशेष त्यातून वाचले आणि कलाकृतीचे मूळ रूप कोणते, हा प्रश्न जागता राहिला.

विज्ञानपटांच्याच बाबतीत असे का घडले, याचे उत्तर त्यांच्या स्वरूपात आहे. विज्ञानपटातील जग मुळात अस्तित्वात नसते. ते प्रतिकृती, मुखवटे, काचेवर रंगवलेली पार्श्वभूमी आणि प्रकाशाच्या युक्त्या यांतून उभे केलेले असते. कथा कळून चुकल्यावरही 'हे केले कसे असेल' हे कुतूहल उरतेच. त्यामुळे या प्रकारच्या चित्रपटांचा रसिक एका दर्शनाने तृप्त होत नाही.

रिळांपासून कॅसेटपर्यंत

कॅसेट येण्यापूर्वीही हा छंद होता. अमेरिकेत कॅसल फिल्म्ससारख्या कंपन्या गाजलेल्या चित्रपटांतील निवडक दृश्ये आठ मिलिमीटरच्या छोट्या रिळांवर विकत. पूर्ण चित्रपटाऐवजी काही मिनिटांचा, अनेकदा मूक, असा तो तुकडा असे. १९५८ मध्ये सुरू झालेल्या 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' या मासिकात अशा रिळांच्या जाहिराती येत. मासिकाचे संपादक फॉरेस्ट अॅकरमन यांनी लॉस एंजेलिसमधील आपले घर विज्ञानपट आणि भयपटांशी संबंधित वस्तूंनी भरून टाकले होते आणि शनिवारी ते चाहत्यांसाठी खुले ठेवले जाई.

सोनीचे बेटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसीचे व्हीएचएस १९७६ मध्ये जपानच्या बाजारात आले. घरबसल्या कार्यक्रम मुद्रित करता येणे हे चित्रपट कंपन्यांना मानवणारे नव्हते. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६ मध्येच सोनीविरुद्ध खटला भरला. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने सोनीच्या बाजूने निकाल दिला. कार्यक्रम मुद्रित करून सोयीच्या वेळी पाहणे हा वाजवी वापर होय, असे न्यायालयाने मानले. मुलांच्या कार्यक्रमाचे सादरकर्ते फ्रेड रॉजर्स यांनी अशा मुद्रणाला आपली हरकत नसल्याची साक्ष दिली होती. निकालपत्रात तिचा उल्लेख आहे.

या निकालाने चाहत्याच्या कपाटाला कायद्याचा आधार मिळाला. तो मात्र मुद्रित केलेले जपूनही ठेवत होता. चुकून दुसरे काही मुद्रित होऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची चकती तोडून टाकली जाई. टपालाने कॅसेटची देवाणघेवाण चाले. प्रतीवरून प्रत काढताना चित्र दरवेळी अधिक धूसर होई, रंग ओघळत. तरीही ती प्रत मोलाची वाटे, कारण दुसरी मिळण्याची खात्री नसे.

हरवलेला 'डॉक्टर'

चाहत्यांच्या या साठवणीचे महत्त्व सर्वाधिक स्पष्ट होते ते ब्रिटनमधील 'डॉक्टर हू' या मालिकेच्या बाबतीत. बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ती सुरू झाली. त्या काळी व्हिडिओफीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. कलावंतांशी झालेल्या करारांमुळे पुन:प्रक्षेपणावर मर्यादा होत्या आणि जुन्या कृष्णधवल कार्यक्रमांना रंगीत दूरचित्रवाणीच्या युगात मागणी राहील, असे कोणाला वाटत नव्हते. परिणामी मूळ फिती पुसल्या गेल्या. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या चित्रपट्टीवरील प्रतीही पुढे नष्ट करण्यात आल्या. १९७८ मध्ये हा प्रकार थांबला, तोपर्यंत १९६० च्या दशकातील अनेक भाग गेले होते. त्यांपैकी नव्वदहून अधिक भाग अनेक दशकांच्या शोधानंतरही चित्ररूपात मिळालेले नव्हते.

ध्वनी मात्र वाचला. घरगुती व्हिडिओ यंत्र येण्याच्या कितीतरी आधी काही तरुण चाहते दूरचित्रवाणी संचासमोर मायक्रोफोन ठेवून किंवा संचाला तार जोडून प्रत्येक भागाचा आवाज टेपरेकॉर्डरवर मुद्रित करत होते. पुन्हा पाहायला मिळणार नाही, निदान ऐकायला तरी मिळावे, एवढाच त्यांचा हेतू होता. या फितींमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे. त्याच ध्वनीवर नवी सचेतन चित्रे बेतून 'द इन्व्हेजन' या कथेतील हरवलेले दोन भाग २००६ मध्ये डीव्हीडीवर आणण्यात आले. 'द पॉवर ऑफ द डालेक्स' ही संपूर्ण कथाही २०१६ मध्ये याच पद्धतीने उभी राहिली.

रंगांची कथाही अशीच आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभीचे काही रंगीत भाग बीबीसीकडे केवळ कृष्णधवल चित्रपट्टीवर उरले होते. अमेरिकेत त्यांचे प्रक्षेपण झाले, तेव्हा एका चाहत्याने ते घरच्या यंत्रावर मुद्रित केले होते. या मुद्रणातील रंग आणि बीबीसीकडील चित्रपट्टीचा रेखीवपणा यांचा मेळ घालून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'द डीमन्स' व आणखी काही कथा पुन्हा रंगीत करण्यात आल्या.

चाहत्यांची मागणी आणि संस्थेचे दप्तर यांतील अंतर दाखवणारा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. १९८३ मध्ये लाँगलीट येथील मेळाव्यात, कोणती कथा कॅसेटवर हवी, अशी विचारणा झाली असता चाहत्यांनी 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही १९६७ मधील कथा मागितली, असे सांगितले जाते. ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती. त्याऐवजी 'रिव्हेंज ऑफ द सायबरमेन' ही या मालिकेची पहिली कॅसेट ठरली. तिची किंमत ३९.९५ पौंड, म्हणजे त्या काळी अतिशय महाग होती. पुढे १९९१ च्या अखेरीस 'टूम'चे चारही भाग हाँगकाँगमध्ये सापडले आणि १९९२ मध्ये त्यांची कॅसेट बाजारात आली. २०१३ मध्ये तर नायजेरियातून आणखी नऊ हरवलेले भाग हाती लागल्याचे जाहीर झाले.

एका चित्रपटाच्या पाच आवृत्त्या

रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' जून १९८२ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा तिकीट खिडकीवर त्याची निराशाच झाली. नायकाचे निवेदन आणि सुखान्त शेवट त्याला निर्मात्यांच्या आग्रहाने जोडण्यात आले होते. त्या शेवटासाठी स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'द शायनिंग'साठी चित्रित झालेली, पण न वापरलेली दृश्येही घेतली गेली. चित्रपटाला खरा प्रेक्षक मिळाला तो कॅसेट आणि केबलमुळे. पावसात भिजलेल्या त्या नगरीतील पाट्या, यंत्रे, गर्दी चाहते चित्र थांबवून न्याहाळू लागले. तशात १९९० मध्ये लॉस एंजेलिसमधील एका चित्रपटगृहात त्याची कच्ची, निवेदनाचा बराचसा भाग नसलेली प्रत दाखवली गेली आणि वेगळी आवृत्ती अस्तित्वात असल्याचे उघड झाले. वाढत्या उत्सुकतेमुळे १९९२ मध्ये दिग्दर्शकाची आवृत्ती आली. २००७ मध्ये स्कॉट यांनी अंतिम आवृत्ती सिद्ध केली. उडत्या वाहनाच्या दिसणाऱ्या तारांसारखे, चाहत्यांनी वर्षानुवर्षे टिपलेले दोष तीत दूर केले होते.

यातील महत्त्वाची बाब अशी की, २००७ च्या पाच तबकड्यांच्या संचात कच्च्या प्रतीसह पाचही आवृत्त्या एकत्र देण्यात आल्या. दिग्दर्शकाने आपली पसंती सांगितली, पण इतिहास पुसला नाही.

मूळ कोणते?

'स्टार वॉर्स'च्या बाबतीत नेमके उलट घडले. हा चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला. जॉर्ज लुकास यांनी १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर जुन्या चित्रपटांत मागाहून केल्या जाणाऱ्या फेरफारांविरुद्ध बाजू मांडली होती. १९८९ मध्ये राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीसाठी निवडलेल्या पहिल्या २५ चित्रपटांत 'स्टार वॉर्स'चा समावेश होता. तथापि १९९७ मध्ये लुकास यांनीच संगणकीय दृश्यांची भर घालून त्याची विशेष आवृत्ती काढली. खानावळीतील प्रसंगात मूळ चित्रपटात हान सोलो एकटाच गोळी झाडतो. नव्या आवृत्तीत त्याचा प्रतिस्पर्धी ग्रीडो आधी झाडतो. बदल क्षणाचा, पण त्याने नायकाचे चारित्र्यच बदलते, असा चाहत्यांचा आक्षेप आहे.

२००४ च्या डीव्हीडीत आणि २०११ च्या ब्लू-रेमध्ये आणखी बदल झाले. मूळ आवृत्ती २००६ मध्ये जोडतबकडी म्हणून मिळाली, पण ती १९९३ च्या लेझरडिस्कसाठी तयार केलेल्या जुन्या मुद्रणावरून घेतलेली व कमी दर्जाची होती. तेव्हा चाहत्यांनी काम हाती घेतले. चेक प्रजासत्ताकातील एका चाहत्याने उपलब्ध तबकड्यांतील चित्रचौकटी जुळवून १९७७ चे रूप पुन्हा रचले; दुसऱ्या एका गटाने ३५ मिलिमीटरच्या जुन्या प्रती मिळवून त्यांचे एकेक चित्र संगणकावर उतरवले आणि २०१८ मध्ये आपली प्रत पूर्ण केली. कायद्याच्या दृष्टीने हे सारे अनधिकृतच होय. परंतु अधिकृत दालन बंद असताना मूळ कलाकृती पाहण्याचा दुसरा मार्ग कोणता, हा त्यांचा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. जून २०२५ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने लंडनमध्ये १९७७ ची मूळ प्रत पडद्यावर दाखवली. पाठोपाठ, सुवर्णमहोत्सवानिमित्त २०२७ मध्ये मूळ आवृत्तीच चित्रपटगृहांत आणण्याची घोषणा निर्मिती कंपनीनेही केली.

तबकडीनंतर

हा प्रश्न केवळ परदेशी चाहत्यांपुरता नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास भारतात रंगीत दूरचित्रवाणी व व्हिडिओ यंत्रांचा प्रसार झाला; परंतु येथे यंत्र आणि कॅसेट दोन्ही भाड्याने आणून दुसऱ्या दिवशी परत करण्याची रीत अधिक होती. संग्रह करणारे थोडेच. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तरी १९३१ चा पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' मिळू शकलेला नाही.

व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन करणाऱ्या जपानमधील फुनाई या अखेरच्या कंपनीने २०१६ मध्ये ते थांबवले. चित्रपट आता आंतरजालावरून मागवताच दिसतो. पण तो प्रेक्षकाच्या ताब्यात नसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्नेची नवी सेवा सुरू झाली, त्या दिवशी 'स्टार वॉर्स'मधील त्याच खानावळीत ग्रीडोच्या तोंडी आणखी एक नवा शब्द ऐकू आला. पूर्वसूचना नव्हती आणि आधीची आवृत्ती निवडण्याची सोयही नव्हती. बदल झाला हे मात्र चाहत्यांना त्याच दिवशी कळले, कारण ताडून पाहण्यासाठी त्यांच्या कपाटात जुन्या कॅसेट आणि तबकड्या होत्या.